रूम पार्टनर निवडताना

सोलापूर

चि. मनू,

काल फोनवर तू एका दमात तीन मुलींबद्दल सांगितलंस आणि विचारलंस, "मावशी, यातली कुठली?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण हे दोन मिनिटांत बोलून संपणारं नव्हतं. नागपूरला मेडिकलला नंबर लागल्याचा आनंद घरात अजून ताजा आहे आणि त्या गडबडीत तुझा हा प्रश्न सगळ्यांना किरकोळ वाटतोय. ताई म्हणालीच, "खोलीत कोण का असेना, तिला अभ्यास करायचाय." मला तो किरकोळ वाटत नाही. पीएसएम (रोगप्रतिबंध आणि सामाजिक वैद्यक) शिकवता शिकवता काही वर्षं मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. कुठल्या मुलीचं पहिलं वर्ष कसं जाणार, हे तिच्या बारावीच्या मार्कांपेक्षा तिच्या खोलीवरून मला लवकर कळायचं.

तर तुझ्यापुढच्या तिघी. एक आपल्या बार्शीची, पाचवीपासून तुझ्या बाकावरची. दुसरी लातूरच्या क्लासमधली, नीटला तुझ्यापेक्षा बरेच मार्क जास्त मिळालेली. तिसरी वसतिगृहाच्या यादीत तुझ्या खोलीत आलेली वर्ध्याकडची मुलगी. तिच्याशी तू एकदाच बोललीस आणि ती "फार कमी बोलते" एवढंच तुला कळलंय. महिन्याभराने खोली बदलायची असेल तर नावं द्या, असं तुम्हाला सांगितलंय.

माझं मत आधी सांगते, कारणं मग. जिच्यासमोर नापास होऊन खोलीत परत येता येईल, तिच्याबरोबर राहा.

हे वाचून तू दचकशील. तू आजवर कधी नापास झालेली नाहीस, आणि तुझ्या वर्गातल्या अडीचशे मुलांपैकी कुणीच झालेलं नाही. तीच तर अडचण आहे. अॅनाटॉमीचा पहिला पार्ट कम्प्लिशन, म्हणजे एक भाग शिकवून झाल्यावरची परीक्षा होईल, बहुतेक अप्पर लिंबची, आणि आपापल्या गावात पहिली आलेली निम्मी मुलं त्यात आपटतील. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सर हातात एक हाड देतील, तुला ते कालच पाठ होतं, आणि तोंडातून शब्द फुटणार नाही. त्याने आभाळ कोसळत नाही. पहिलं वर्ष पास व्हायला नियमाने चार संधी मिळतात, इंटर्नशिप धरून सगळा कोर्स साडेपाच वर्षांचा आहे. पण त्या संध्याकाळी हा हिशेब सुचत नाही. घरी फोन करायची लाज वाटते. डिसेक्शनच्या टेबलावरच्या मुलांसमोर तोंड दाखवावंसं वाटत नाही. उरते ती खोली. तिथेही मार्क लपवावे लागले, "बरा गेला" म्हणून पांघरूण डोक्यावरून घ्यावं लागलं, तर मग रडायला बाथरूमच उरतं. मी रेक्टर असताना अशा मुली पाहिल्या आहेत. अभ्यासाने मोडलेल्या फार थोड्या होत्या. चोवीस तास चेहरा सांभाळून दमलेल्या खूप होत्या.

मेडिकलचा दिवस कसा असतो ते अजून तुला माहीत नाही. रोल नंबरप्रमाणे डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे डीएचमध्ये, टेबल मिळतं, त्याच बॅचबरोबर फिजिओलॉजीचं आणि बायोकेमचं प्रॅक्टिकल. थिअरीला 75 टक्के आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी लागते, म्हणजे दांडी मारून चेहरे बदलायचीही सोय नाही. मेसमध्ये तेच लोक, रीडिंग रूममध्ये तेच. सगळीकडे एकच चर्चा: कुणाचं बीडी चौरसियाचं पुस्तक कुठपर्यंत आलं, कुणाचं जर्नल सही झालं, कुणाला सिनियरने नोट्स दिल्या. अशा दिवसाच्या शेवटी खोलीचं दार लावल्यावर ती चर्चा थांबायला हवी.

म्हणून लातूरच्या मुलीबद्दल मी सावध आहे. तिच्यात काही वाईट आहे म्हणून नाही. हुशार मुलीजवळ राहिलं की आपणही हुशार होतो, असं तुझ्या बाबांना वाटतं आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात रूम पार्टनर चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कुणाची निवड न विचारता दिले जात. ब्रूस सेसरडोट या अर्थतज्ज्ञाने त्याचा अभ्यास करून 2001 साली दाखवलं की रूम पार्टनरचा परिणाम मार्कांवर होतो, कुठल्या मंडळात सामील व्हायचं यावरही होतो. पुढे मुख्य विषय कुठला घ्यायचा यावर मात्र होत नाही. पण मला जास्त पटला तो केंटकीतल्या बेरिया कॉलेजातला, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. तिथेही खोल्या अशाच न विचारता दिलेल्या. ज्यांच्या पार्टनरने खोलीत व्हिडिओ गेम आणला, त्या पहिल्या वर्षाच्या मुलांचा रोजचा अभ्यास कमी झाला आणि मार्कही घसरले. गेम दुसऱ्याचा, मार्क आपले. यात हुशारीचा संबंधच नाही. त्या खोलीत संध्याकाळ कशी जाते, एवढाच प्रश्न आहे. तुझ्या लातूरच्या मैत्रिणीबद्दल मला विचारायचंय ते हेच: क्लासमध्ये टेस्टचे पेपर हातात आले की ती आधी स्वतःचे मार्क बघायची की तुझे? तुला याचं उत्तर माहीत असेल. तुझे बघत असेल, तर तिच्याशी मैत्री ठेव, रीडिंग रूममध्ये तिच्या शेजारी बस, आणि झोपायला आपल्या खोलीत ये.

बार्शीच्या मैत्रिणीचं निराळं आहे. तिच्यासमोर तू रडू शकशील, हे मला ठाऊक आहे. पण दोघींना एकाच वेळी घरची आठवण येणार, दोघींना मेसची भाजी बेचव लागणार, आणि दोघी मिळून नागपूरला नावं ठेवत बसणार. चार महिन्यांनी बघावं तर तुम्ही दोघी आणि बाकी वर्ग, असं होऊन बसतं. शिवाय पाचवीपासूनची मैत्री आणि एका खोलीतला संसार यांत फरक आहे. जुन्या मैत्रिणीला "तुझा टॉवेल माझ्या खुर्चीवर नको" म्हणणं अवघड जातं. न बोललेलं साठत जातं, आणि एक दिवस टॉवेलावरून इतक्या वर्षांची मैत्री तुटते. आणखी एक: पुढे पेशंटच्या नातेवाइकांशी तुला नागपुरी बोलीत बोलायचंय, "काऊन" आणि "करून राहिली" कानावर पडू देत. वर्ध्याची मुलगी खोलीत असेल तर ते आपोआप होईल.

खोली बदलून मागणारे अर्ज माझ्याकडे यायचे, त्यांबद्दल सांगते. प्रत्येक अर्जात कारण एकच लिहिलेलं असे: अभ्यासात व्यत्यय. मी मुलीला समोर बसवून चहा द्यायची आणि विचारायची, "नेमकं काय होतं ते सांग." मग खरं बाहेर यायचं. पार्टनर पहाटे चारचा अलार्म लावते आणि स्वतः उठत नाही. पाच-पाच मिनिटांनी तो सहापर्यंत वाजत राहतो. रात्री एकपर्यंत ट्यूबलाइट चालू. फोन स्पीकरवर टाकून घरच्यांशी बोलणं. डीएचमधून आलेला फॉर्मलिनच्या वासाचा एप्रन कॉटच्या दांडीवर. एकीचा उपवास आणि दुसरीची केटलमध्ये उकडलेली अंडी. चारित्र्य, स्वभाव, घराणं अशा मोठ्या गोष्टी क्वचितच निघायच्या. आणि यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट पहिल्या आठवड्यात तोंडाने बोलली असती तर अर्जापर्यंत आलीच नसती.

नागपुरात यात कूलरची भर पडेल. मार्च सरता सरता तिकडे कूलर लागतात आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. कूलरला रोज बादल्यांनी पाणी घालावं लागतं, आणि पाणी संपलं की रात्री दोन वाजता तो नुसती गरम हवा फेकतो. त्या वेळी कुणी उठायचं? हे हिवाळ्यातच ठरवून घ्या. तुला हसू येईल, पण उन्हाळ्यात परीक्षा जवळ आली की रूम पार्टनर कशी आहे हे याच एका गोष्टीवरून कळतं. जी न सांगता आपल्या पाळीची बादली भरते, ती बाकी सगळ्यात भरवशाची निघते.

झोपेबद्दल मी हट्टी आहे. वाचलेलं डोक्यात पक्कं बसायला झोप लागते, हे तू फिजिओलॉजीत शिकशीलच. रात्रभर जागून गायटनच्या पुस्तकाची पानं संपवणारी मुलगी सकाळच्या लेक्चरला बसून झोपते, आणि वर्षभर हेच चाललं की तिला वाटायला लागतं आपलं डोकंच चालत नाही. म्हणून पार्टनरला विचारायचा पहिला प्रश्न हा: तू किती वाजता झोपतेस, आणि झोपताना उजेड चालतो का? रात्रीचं पाखरू आणि पहाटेचं पाखरू एका खोलीत राहू शकतात, पण दोघींकडे टेबललॅम्प हवा आणि एकीने तरी रीडिंग रूमची सवय लावून घ्यायला हवी.

माझी पहिल्या वर्षाची पार्टनर मला यादीतूनच मिळाली होती. शेतकऱ्याच्या घरची, अंगाने बारकी, मराठी माध्यमातून आलेली, माझ्यासारखीच इंग्रजी पुस्तकाला बिचकणारी. आम्ही दोघींनी मिळून सिनियरकडून हाडांचा एक सेट घेतला होता. जेवण झालं की ती कॉटवर मांडी घालून बसायची, पेटीतून एक हाड काढून माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "डोळे मीट. कुठलं? उजवं का डावं?" गळपट्टीचं हाड असेल तर आधी टोकं चाचपायची: जाड टोक छातीकडे, चपटं टोक खांद्याकडे. मग अंगठा फिरवून खोबण शोधायची, ती खालच्या बाजूला. मग मनातल्या मनात ते आपल्या अंगावर ठेवून बघायचं आणि बाजू सांगायची. चुकलं की ती चूक म्हणायची नाही. हाड परत हातात द्यायची आणि थांबायची. मी कितीही वेळ घेतला तरी ती थांबायची. नंतर मी तिला हाड द्यायची. पुढे कित्येक वर्षं अपघाताच्या पेशंटच्या खांद्यावर हात ठेवला की माझा अंगठा आपोआप ती खोबण शोधायला जायचा. आमच्यात जिवलग मैत्री म्हणावी असं काही नव्हतं. सिनेमाला ती तिच्या ग्रुपबरोबर जायची, मी माझ्या. पण तिच्यासमोर "मला येत नाही" म्हणताना मला कधी संकोच वाटला नाही. ते वर्ष पार पडलं त्यात तिचा वाटा मोठा आहे.

आता एक गणित सांगते, तुला आवडेल. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघांनी 1962 साली जोड्या जुळवण्यावर एक छोटासा निबंध लिहिला. लग्नाच्या जोड्या, म्हणजे दोन वेगळ्या गटांतल्या, अशा जुळवता येतात की कुणालाही आपला जोडीदार सोडून परस्परसंमतीने दुसऱ्याकडे जाता येणार नाही. पण रूम पार्टनरचं तसं नाही, हेही त्यांनी त्यातच दाखवलं. चार मुली घे. पहिलीला सगळ्यांत जास्त दुसरी हवी, दुसरीला तिसरी, तिसरीला पहिली, आणि चौथी तिघींनाही शेवटी. कशाही जोड्या लाव. चौथीबरोबर जी राहील, ती उठून दुसऱ्या खोलीतल्या कुणाकडे तरी जाईल आणि तिकडची तिला आनंदाने घेईल. कागदावर करून बघ. शॅप्लींना पुढे 2012 मध्ये अल्विन रॉथ यांच्याबरोबर नोबेल मिळालं. अमेरिकेत नव्या डॉक्टरांना हॉस्पिटलं नेमून देण्याची पद्धत या रॉथ यांनीच सुधारली. मी हे सांगतेय ते अशासाठी की वसतिगृहात महिनाभर हाच खेळ चालतो. कोण कुणाबरोबर जाणार, कुणी कुणाला सोडलं, आणि कोण उरली. तू त्या फेऱ्यात पडू नकोस. ज्या मुलीला कुणीच मागितलं नाही तिचं त्या दिवशी काय होतं, ते मी ऑफिसात बसून पाहिलेलं आहे.

ती मुलगी बहुधा का उरते, हेही तुला कळायला हवं. पहिल्याच आठवड्यात विचारणं सुरू होतं: तुझी रँक किती, कॅटेगरी कुठली? विचारणारीच्या तोंडावर हसू असतं, पण उत्तरावरून खोल्या ठरतात. मनू, तू हा प्रश्न कुणालाही विचारायचा नाहीस. दुसरं कुणी तुझ्यासमोर विचारत असेल तर गप्प राहायचं नाहीस. 2019 च्या मे महिन्यात जळगावची डॉ. पायल तडवी ही पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलगी मुंबईत वसतिगृहातल्या तिच्या खोलीत मरण पावली. जातीवरून छळ झाल्याची तक्रार तिच्या घरच्यांनी केली. प्रकरण न्यायालयात गेलं. निवाडा करायचं काम न्यायालयाचं आहे. पण तडवी भिल्ल समाजातून डॉक्टर व्हायला आलेल्या त्या मुलीची बातमी वाचली त्या दिवसापासून कुठल्याही वसतिगृहात पाऊल टाकलं की मला तिची आठवण होते. आपल्या शेजारच्या कॉटवर कुणाला अपमान सोसत झोपावं लागू नये, एवढं तर आपल्या हातात असतं.

आणखी एक गोष्ट जड आहे, पण तू डॉक्टर होणार आहेस, म्हणून लिहिते. 2024 मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर राष्ट्रीय कृतिदलाचा अहवाल आला. पंचवीस हजारांहून जास्त एमबीबीएसच्या मुलांनी त्यात उत्तरं दिली होती. 27.8 टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं आणि 16.2 टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं. म्हणजे तुमच्या मजल्यावर अशी एखादी मुलगी असणारच. ती तुझ्या खोलीत असली तर पहिल्यांदा तुलाच कळेल: जेवण सोडणं, अंघोळ टाळणं, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असं पुन्हा पुन्हा म्हणणं. तेव्हा तिच्याजवळ बस, सरळ विचार, तिचं ऐकून घे. पण "कुणाला सांगणार नाहीस ना?" असं तिने म्हटलं तर वचन देऊ नकोस. त्याच रात्री वॉर्डनला उठव, मला फोन कर, किंवा टेली-मानस हेल्पलाइनच्या 14416 वर लाव. तो नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. रागावली तर रागावू दे. आणि ती मुलगी तूच असलीस तर हेच तुझ्या पार्टनरने करावं, असं तिला पहिल्या महिन्यातच सांगून ठेव. साध्या आजारपणातही तेच: पावसाळ्यानंतर ताप आला तर तो अंगावर काढायचा नाही, एकीने दुसरीला धरून ओपीडीत न्यायचं.

पैशाचं थोडक्यात. उसने दिलेले-घेतलेले वहीत लिहा. कुलूप एक, किल्ल्या दोघींकडे एकेक. एकमेकींचा फोन उघडायचा नाही आणि घरचे वाद एकमेकींच्या मैत्रिणींपर्यंत न्यायचे नाहीत.

तर मी काय करीन? मी महिनाभर वर्ध्याच्या मुलीबरोबर राहून बघीन. कमी बोलते ही तक्रार मला पटलेली नाही. पहिल्या फोनवर खूप बोलणाऱ्या मुलींचीच मला जास्त काळजी वाटते. या महिन्यात तीन गोष्टींकडे लक्ष दे. तू झोपलेली असताना ती दार कसं लावते. मेसच्या मावशींशी आणि झाडायला येणाऱ्या बाईंशी ती कशी बोलते. आणि तू एखाद्या गोष्टीला सरळ "नको" म्हणालीस, तर दुसऱ्या दिवशी तिचं वागणं बदलतं का. पहिल्याच रात्री दिवा, अलार्म, फोन आणि पाहुणे या चारांबद्दल बोलून घ्या. तिला सुरुवात करायला जड जाईल, म्हणून तू कर. आपलं सांग, मग तिचं विचार. घोरत असशील तर तेही सांगून टाक.

तीही हाच महिना तुझ्याकडे बघत असणार. अलार्म एकदाच वाजेल असा लाव, एप्रन बाहेर व्हरांड्यात टांग, आणि आईचा फोन आला की बाहेर जाऊन बोल. तुझ्या आईला माहेरच्या वाटेवरून हाक मारल्यासारखं मोठ्याने बोलायची सवय आहे, ती तुझ्यातही उतरली आहे.

महिना संपल्यावर वाटलं की जमत नाही, तर ते तिला तोंडावर सांग, मग अर्ज कर. तिला नोटीस बोर्डावरून कळता कामा नये.

नावं द्यायची शेवटची तारीख कळव. पुढच्या आठवड्यात आमच्याकडचे एक सर परीक्षेच्या कामासाठी नागपूरला जाणार आहेत, त्यांच्याबरोबर दोन टेबललॅम्प आणि शेंगाची चटणी पाठवते. तिला तिखट चालतं का ते विचारून सांग, म्हणजे तिच्या डब्यातली चटणी त्या बेताने करीन.

तुझी,
मावशी